आल्प्समधल्या गावात पहिला हिवाळा : घर, ओलावा आणि सासूबाईंची भेट

प्रश्न : अंत्रुजवासी (फोंडा)

सर्वांना नमस्कार. माझ्या यजमानांना स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात, एंगादिन खोऱ्यातील श्कुओल या गावी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कायमची नोकरी मिळाली आहे. त्यांचे आईवडील १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असल्यामुळे यजमानांकडे पोर्तुगीज नागरिकत्व आहे आणि त्या आधारे कामाची व राहण्याची परवानगी मिळण्यात अडचण आलेली नाही. ते सध्या तिथेच आहेत. मी आणि आमची सात वर्षांची मुलगी ऑक्टोबरच्या अखेरीस जाणार आहोत. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १२५० मीटर उंचीवर आहे. भाड्याने मिळालेले घर म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका जुन्या दगडी वास्तूचा पहिला मजला. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान आणि भिंतीत खोल गेलेल्या, बसण्याची खोली आतून पूर्ण लाकडाने मढवलेली आणि तिच्या कोपऱ्यात लाकडावर चालणारी मोठी शेगडी. बाकीच्या खोल्यांत गरम पाण्याचे रेडिएटर आहेत.

थंडीचे कपडे कोणते घ्यावेत याविषयी पुष्कळ माहिती मिळते, म्हणून तो प्रश्न मी विचारत नाही. मला घराविषयी विचारायचे आहे. माझा जन्म चिऱ्यांच्या कौलारू घरातला. दारे-खिडक्या सकाळी उघडायच्या आणि दिवेलागणीला लावायच्या, एवढीच आमची घर राखण्याची पद्धत. सहा महिने बंद राहणारे घर कसे चालवायचे, शेगडी कशी पेटवायची, भिंतींना काय होते, बर्फ कोणी काढायचा, यातले मला काहीही ठाऊक नाही. दुसरा प्रश्न सासूबाईंचा. त्या सत्तरीच्या आहेत, गोव्यातच राहणार आहेत, पण नातीसाठी काही महिने तिथे येऊन राहण्याची त्यांची फार इच्छा आहे. आम्ही घर लावत असताना मदतीला म्हणून त्या नोव्हेंबरातच आमच्याबरोबर येऊ म्हणतात. त्यांना तेव्हा न्यावे का? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद : मूळ पेडण्याचा (सध्या दावोस)

ताई, आपण कपड्यांऐवजी घराचा प्रश्न विचारलात हे फार योग्य केलेत. थंडी बाहेर असते आणि तिच्यावर उपाय बाजारात मिळतो. घरातला ओलावा मात्र आपणच रोज निर्माण करतो आणि तो बाहेर घालवण्याचे काम दुसरे कोणी करत नाही.

आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या कपड्यांवर आणि चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, कारण बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. आल्प्समधल्या घरात तीच बुरशी जानेवारीत येते आणि तिचे कारण नेमके उलट असते. बाहेरची हवा अगदी कोरडी असते, पण आत चौघे श्वास घेतात, भात शिजतो, अंघोळी होतात, कपडे वाळतात आणि ही सगळी वाफ उबदार हवेत साठते. २० अंश तापमानाची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम पाणी धरू शकते; उणे १० अंशांची हवा दोन-सव्वादोन ग्रॅमच. घरातली उबदार हवा थंड भिंतीला, विशेषतः खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्याला, पलंगामागे किंवा कपाटामागे लागली की तिला धरवत नसलेले पाणी भिंतीवर सुटते आणि तिथे काळे डाग धरू लागतात. जुन्या दगडी घरात हा धोका अधिक, कारण भिंत कितीही जाड असली तरी दगड थंडच राहतो.

उपाय सोपा आहे, पण गोवेकराला तो प्रथम पटत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, बाहेर बर्फ पडत असला तरीही, समोरासमोरच्या सर्व खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच ते दहा मिनिटे वारा आरपार जाऊ द्यायचा आणि मग सर्व बंद करायच्या. एवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती, जमीन आणि सामान यांत साठलेली ऊब जात नाही. खोली लगेच पुन्हा गरम होते आणि आत आलेली थंड हवा तापली की अतिशय कोरडी होऊन ओलावा शोषून घेते. याउलट खिडकी तिरपी करून तासन्‌तास फटीएवढी उघडी ठेवली तर हवा नीट बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच येते. एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि निजायच्या खोलीत ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. पन्नासच्या वर टिकून राहू लागला तर खिडक्या अधिक वेळा उघडा. तिशीच्या खाली गेला तर नाक कोरडे पडून रक्त येणे, अंगाला खाज सुटणे हे प्रकार सुरू होतात, तेव्हा खोलीचे तापमान अंशभराने उतरवा. झोपण्याच्या खोलीला १७-१८ अंश पुरतात. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर तरी सोडून ठेवा. धुतलेले कपडे रेडिएटरवर पसरू नका. स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक भाड्याच्या इमारतींत तळघरात कपडे धुण्याची व वाळवण्याची सामायिक खोली असते आणि प्रत्येक कुटुंबाची पाळी ठरलेली असते. ती पाळी काटेकोरपणे पाळा. शेजाऱ्यांशी पहिला संबंध बहुधा तिथेच येतो.

आता शेगडी. आपली चूल आपण एकेक लाकूड पुढे सारत चालवतो. ही दगडाची किंवा फरश्यांची मोठी शेगडी तशी चालवायची नसते. ती सकाळी, आणि कडाक्याच्या थंडीत संध्याकाळीही, एकदाच पुरती भरायची, भरपूर हवा देऊन जोरात जाळायची आणि जाळ संपला की हवेचे दार लावायचे; पुढचे कित्येक तास तापलेला दगड मंदपणे ऊब देत राहतो. पेटवताना जाड लाकडे खाली रचून बारीक काटक्या वर ठेवाव्यात आणि वरूनच काडी लावावी, म्हणजे निघणारा धूर ज्वाळेतून जातानाच जळतो आणि धुराड्यात काजळी कमी बसते. ज्वाळा दिसत असताना हवा कधीही तोडू नका, कारण अर्धवट जळण्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. त्याची सूचना देणारे यंत्र भिंतीला लावून घ्या, घरमालकांनी लावलेले नसेल तर स्वतःच्या पैशाने लावा. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीतच काढा आणि ती बादली लाकडी ओसरीवर ठेवू नका. वरून विझलेल्या दिसणाऱ्या राखेत निखारे दोन दिवससुद्धा जिवंत राहतात.

प्रतिसाद : स्थापत्य अभियंता, पणजी

मी नोकरीनिमित्त काही वर्षे ग्लारुस प्रांतात होतो, त्यामुळे आगीच्या मुद्द्याला थोडी जोड देतो. आल्प्सच्या उत्तरेकडील खोऱ्यांत डोंगरमाथ्यावरून फ्योन नावाचा उष्ण आणि कोरडा वारा उतरतो. तो आला की काही तासांत तापमान दहा-पंधरा अंशांनी चढते, बर्फ वितळू लागते आणि लाकूड सरपणासारखे पेट घेण्याजोगे होते. १८६१ च्या मे महिन्यात अशाच वाऱ्यात ग्लारुस गावाचा बहुतेक भाग एका रात्रीत जळाला. धुराडे साफ करणाराला त्या देशात जो मान आणि जे अधिकार आहेत, त्यांचे मूळ अशा अनुभवांत आहे. तो ठरलेल्या वेळी येईल, तेव्हा घरी राहा आणि त्याला शेगडीविषयी मोकळेपणाने विचारा. इतके उपयुक्त मार्गदर्शन दुसरीकडे मिळणार नाही.

बर्फ कोणी काढायचा हे भाडेकरारात लिहिलेले असते. नसेल तर घरमालकांकडून आताच लिहून घ्या. रस्ता ग्रामपालिकेचे यंत्र पहाटे साफ करते, परंतु घराचा दरवाजा, जिना आणि कचऱ्यापर्यंतची वाट ही बहुधा घरातल्यांची जबाबदारी असते. ताजे, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आत भरते, पण तेच दबून आणि पाणी पिऊन जड झाले की ४०० किलोंच्याही वर जाते. म्हणून ते पडल्या पडल्या, हलके असतानाच बाजूला सारावे. दुसऱ्या दिवशी ते गोठून दगड होते आणि त्यावर पाय घसरून माणसे हाडे मोडून घेतात. छताच्या कडेखाली मुलीला खेळू देऊ नका, विशेषतः ऊन पडल्यावर, कारण वरचा थर एकदम सुटून खाली येतो. घर काही दिवस बंद ठेवून जायचे असले तरी रेडिएटर पूर्ण बंद करू नयेत. नळातले पाणी गोठले की नळ फुटतो आणि ते कळते ते बर्फ वितळल्यावर. घराबाहेरचा नळ असल्यास थंडीपूर्वी आतून बंद करून रिकामा करावा.

हिमस्खलनाविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगणे मला आवश्यक वाटते. १९५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांत ९८ माणसे गेली आणि त्यानंतर त्या देशाने डोंगरउतारांवर पोलादी अडसर उभारणे, संरक्षक जंगल राखणे आणि घरबांधणीसाठी धोक्याचे नकाशे करणे ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. जंगल राखण्याची समज त्याहून कितीतरी जुनी आहे : आंडरमाट गावाने आपल्या माथ्यावरच्या झाडांची तोड १३९७ मध्येच लेखी आदेशाने बंद केली होती. आपले घर त्या नकाशावर कोणत्या रंगाच्या पट्ट्यात आहे, हे ग्रामपालिकेत विचारल्यास दाखवतात. लाल पट्ट्यात नवी वस्ती होऊ देत नाहीत, निळ्यात अटींवर होते. दावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी ५ वाजता धोक्याची पातळी जाहीर करते. पातळ्या पाच आहेत. तिसरी पातळी मधली, म्हणून सौम्य समजू नये. सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवशीच होतात आणि ते जवळजवळ सगळे आखलेल्या वाटा सोडून उतारावर गेलेल्यांचे असतात. गावातल्या साफ केलेल्या वाटेवर चालणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. वाट बंद असल्याची पाटी दिसली की मात्र, पलीकडे कितीही छान ऊन दिसत असले तरी, मागे वळावे.

अंत्रुजवासी

आपण दोघांनीही इतक्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. ओलाव्याचे गणित मी यजमानांना वाचून दाखवले आणि त्यांनी त्याच दिवशी आर्द्रतामापक आणला. सासूबाईंविषयी आणि स्वयंपाकाविषयी कोणी सांगू शकेल का? त्यांना पर्यटक म्हणून प्रवेशपत्र (व्हिसा) मिळेल, म्हणजे १८० दिवसांत ९० दिवस राहता येईल.

प्रतिसाद : सत्तरीची लेक (वाळपई)

वहिनी, माझा संसार बरीच वर्षे व्हाले प्रांतातल्या डोंगरी गावात झाला. सासूबाईंना नोव्हेंबरात नेऊ नका, असे मी अगदी स्पष्टपणे सांगते.

नोव्हेंबर हा तिथला सर्वांत कठीण महिना आहे आणि त्याचे कारण थंडी नव्हे. उन्हाळी पाहुणे गेलेले असतात, हिवाळी पाहुणे आलेले नसतात, अनेक हॉटेले व रज्जुमार्ग बंद असतात, बर्फ नीट पडलेला नसतो आणि दिवस भराभर आखडत जातो. डिसेंबरच्या मध्याला तिथला दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो. आपल्याकडे तेव्हाही तो अकरा तासांहून थोडा मोठा असतो. त्यातच समोरच्या डोंगरामुळे सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर जातो. इटलीतल्या विगानेला गावाला तर ११ नोव्हेंबर ते २ फेब्रुवारी सूर्याचे दर्शनच होत नाही, म्हणून त्या गावाने २००६ मध्ये डोंगरावर मोठा आरसा बसवून चौकात ऊन आणले. आपले गाव त्या मानाने भाग्यवान आहे. खालच्या एंगादिनमधली सेंट, फ्तान, ग्वार्दा ही गावे उन्हाच्या बाजूच्या पठारांवर वसलेली आहेत आणि ते खोरे कोरड्या, निरभ्र हवेसाठी ओळखले जाते. तरीही आयुष्यभर उघड्या सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोललेल्या बाईला त्या दिवसांत बंद खिडकीशी बसवणे मला योग्य वाटत नाही. आपण आणि मुलगी स्वतः नव्या असाल, यजमान हंगामाच्या तयारीत असतील, आणि सासूबाईंजवळ बसायला कोणालाच वेळ नसेल.

त्यांचे ९० दिवस फेब्रुवारीच्या मध्यापासून मोजा. फेब्रुवारीअखेर तिथला दिवस सुमारे ११ तासांचा होतो, म्हणजे आपल्या डिसेंबरातल्या दिवसाइतका, आणि तो त्यांच्या ओळखीचा असतो. बर्फ भरपूर असते, आकाश निळे असते, भिंतीला पाठ लावून उन्हात बसले तर अंगातली शाल काढावी लागते. १ मार्चला एंगादिनमधली शाळकरी मुले गळ्यात गुरांच्या घंटा अडकवून, गाणी म्हणत गावभर फिरतात आणि हिवाळ्याला हाकलून देतात. त्या सणाला चालान्दामार्त्स म्हणतात. शिगमो जवळ आलेला असतानाच नातीला घंटा वाजवत मिरवणुकीत चालताना पाहण्याचा आनंद आजीला मिळू द्या. त्यांच्या बुटांना खाली लावायचे काटेरी पट्टे मात्र नक्की घ्या, आणि उन्हाचा काळा चष्माही, कारण ताजे बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते. निघण्यापूर्वी रक्तदाब आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, आणि प्रवासाचा आरोग्यविमा काढावा; त्याशिवाय प्रवेशपत्र मिळतही नाही. आपला स्वतःचा आणि मुलीचा आरोग्यविमा तिथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत काढावा लागतो, आणि ग्रामपालिकेत नावनोंदणी १४ दिवसांत.

स्वयंपाकाचे म्हणाल तर त्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून उकडा तांदूळ आणि चण्याची डाळ साध्या पातेल्यात हट्टाने कच्ची राहते. कुकर इथूनच न्या, आणि तो सपाट बुडाचा असू द्या, कारण तिथल्या काचेच्या शेगडीवर गोल बुडाचे भांडे तापत नाही. इडली-घावनाचे पीठ भट्टीत (ओव्हनमध्ये) नुसता आतला दिवा लावून ठेवले की रात्रीत फुगते. खोबरेल तेल सबंध हिवाळाभर घट्ट राहील. बाटलीऐवजी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. सामान नेताना लक्षात ठेवा की भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यात तूपही आले. ताजी कढीपत्त्याची पाने प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, नारळ मात्र चालतो. वाळवलेली सोलां (आमसुले), सुकी मिरची, तिरफळे, धणे यांची पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, करतो तशी बेगमी करून न्या. तिथल्या गावकऱ्यांनाही हिवाळ्यापूर्वी घर भरून ठेवण्याची सवय आहे आणि तुमचे भरलेले फडताळ पाहून शेजारीण तुम्हाला आपलीच समजेल. फोडणी देताना आणि सुके मासे भाजताना वरचा पंखा चालू ठेवा व खिडकी सताड उघडा. लाकडाने मढवलेल्या खोलीत वास शिरला की तो महिनोन्‌महिने निघत नाही, म्हणून त्या खोलीचे दार स्वयंपाकाच्या वेळी बंदच ठेवावे.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. रोज दुपारी, ऊन असताना, अर्धा तास तरी बाहेर पडा. काम नसले तरी पडा. माझ्या ओळखीच्या ज्या बायका तिथे कोमेजल्या, त्या थंडीने नव्हे, तर जानेवारीत घरात राहून राहून. भाषा येत नसली तरी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करावा. त्या खोऱ्यात लोक रोमांश बोलतात आणि भेटल्यावर ‘आल्लेग्रा’ म्हणतात. शाळेतही खालच्या इयत्तांत शिक्षण बहुतांशी रोमांशमधूनच असते, तेव्हा मुलगी पहिले काही महिने गप्प राहिली तर काळजी करू नका. आपल्या मुलांना मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी एकाच वेळी ऐकण्याची सवय असते आणि ती फार उपयोगी पडते.

प्रतिसाद : मूळ पेडण्याचा (सध्या दावोस)

वाळपईच्या ताईंनी नोव्हेंबरविषयी लिहिले त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. फक्त सासूबाईंना विमानतळावरून आणण्याचा विचार आधी करून ठेवा. फ्ल्युएला घाट हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा झ्युरिककडून येणारी वाट व्हेराइना बोगद्यातून जाते. तो १९९९ मध्ये सुरू झालेला सुमारे १९ किलोमीटरचा रेल्वेचा बोगदा आहे आणि मोटारीसुद्धा आगगाडीवर चढवूनच पलीकडे नेतात. सुट्यांच्या शनिवारी तिथे मोटारींची लांब रांग लागते. म्हातारे माणूस बरोबर असताना मोटार घेऊन जाण्याऐवजी सरळ आगगाडीनेच यावे. झ्युरिक विमानतळाच्या खालीच स्थानक आहे.

आणि लाकडांविषयी यजमानांना आजच सांगा. शेगडीत जाळायच्या लाकडात २० टक्क्यांहून कमी पाणी असावे लागते आणि तोडलेले लाकूड तेवढे वाळायला एक ते दोन वर्षे जातात, म्हणून ऑक्टोबरात घाईने घेतलेले ओले लाकूड नुसता धूर करते. गावातला जुना पुरवठादार कोण, हे घरमालकांना विचारावे, वाळलेले बीच किंवा लार्च मागावे, आणि त्याने आणून टाकले की यजमानांनी ते घराच्या दक्षिण भिंतीला, जमिनीपासून उचलून आणि भिंतीपासून चार बोटे सोडून रचावे. वरून झाकावे, बाजू मोकळ्या राहू द्याव्यात. लाकूड किती लागेल हे शेगडीच्या आकारावर आणि रेडिएटर किती चालवणार यावर आहे, तेव्हा आधी त्या घरात राहिलेल्या भाडेकरूने एका हिवाळ्यात किती घनमीटर जाळले, ते घरमालकांकडून कळले तर इथे लिहा, म्हणजे मी अंदाज देऊ शकेन.